रिकामी फेरी

पहाटे सव्वापाच

गजर वाजायच्या आधीच जाग येते. उठल्यावर पहिलं काम म्हणजे खिडकी उघडून समोरच्या विजेच्या खांबाकडे बघणं. दिवा नीट दिसला तर आठला पहिली फेरी. दिव्याभोवती पिंजलेला कापूस गुंडाळल्यासारखा दिसला तर चहा सावकाश. आज खांबच दिसत नाही.

फेब्रुवारीतला रविवार. गाव हरियाणातलं, नारनौलकडचं. इथून राजस्थानची हद्द अगदी जवळ. लष्करात नसलेल्या माणसाला विमानातून उडी मारता येईल अशा जागा आपल्या देशात बोटांवर मोजण्याइतक्या, त्यातली एक इथली धावपट्टी. शनिवार-रविवारी दिल्ली-गुडगावची माणसं येतात, पैसे भरतात, दहा हजार फुटांवर जातात आणि दार उघडून बाहेर पडतात. त्यांना तिथवर नेऊन सोडणं हे माझं काम. मी उडी मारत नाही, गाडी चालवतो.

'गाडी' हा शब्द आमच्या आप्पांचा. आप्पांनी बावीस वर्षं धरणगाव ते जळगाव काळी-पिवळी चालवली. त्या धंद्याचं गणित सोपं असतं. भरलेली फेरी म्हणजे पैसा आणि रिकामी फेरी म्हणजे डिझेल जाळणं. नोकरी लागली तेव्हा मी त्यांना काम समजावून सांगितलं. वर जाताना चार जण, खाली येताना मी एकटा. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "रिकामी गाडी लई येस, आन त्याना पैसा भेटतस तुले?"

हो आप्पा, त्याचेच भेटतात.

सहा

मायने पाठवलेल्या दादर ज्वारीच्या पिठाची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. हे पीठ संपलं की इथल्या गव्हावर यावं लागणार, म्हणून रोज एकच भाकरी. घरी आता भरताचे दिवस चालू असतील. काट्या पेटवून हिरवी वांगी भाजत असतील आणि कळण्याच्या भाकरीबरोबर सगळी गल्ली जेवत असेल.

धरणगावचा मुलगा या कामात कसा पडला, असं इथे येणारा जाणारा विचारतो. गावातून आभाळाशी नातं सांगायचं तर आम्हाला एकच नाव ठाऊक, बालकवींचं. १८९० साली ते आमच्या गावात जन्मले. माझ्यापुरतं म्हणाल तर २००९ चा नोव्हेंबर महिना होता. प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती होत्या आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी पुण्याच्या लोहगावहून सुखोईत बसून त्या उडाल्या. आपल्या जळगाव जिल्ह्याची बाई, म्हणून गुरुजींनी वर्गात पेपर वाचून दाखवला होता. तेवढं एक डोक्यात राहिलं.

पुढचं सगळं हिशोबाचं. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित. मग डोळे, कान, हृदय, सगळं तपासून घेणारी क्लास वन मेडिकल. हवामानशास्त्र, नेव्हिगेशन, नियम, तांत्रिक विषय असे डीजीसीएचे पेपर. आणि २०० तासांचं उड्डाण. ते मी धुळ्याजवळ गोंदूरला केलं. बॉम्बे फ्लाइंग क्लबचं नाव १९२८ पासूनचं, मूळ जागा जुहू. जे. आर. डी. टाटा तिथेच शिकले आणि १० फेब्रुवारी १९२९ ला भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना त्यांच्या हाती पडला. त्याच क्लबची शिकाऊ विमानं पुढे गोंदूरला येऊन उडू लागली. शिरपूरला आणि जळगावलाही आता शिकाऊ विमानं फिरताना दिसतात. कापूस वेचणाऱ्या बायांना त्यांचं कौतुक राहिलेलं नाही.

परवाना मिळाला, तोवर दोन एकर गहाण पडलं होतं. आणि मग कळलं की दोनशे तासवाल्याला कोणी उभं करत नाही. तास हवेत तर नोकरी हवी, नोकरी हवी तर तास हवेत. उडी मारणाऱ्यांची विमानं चालवणं हा त्यातून निघण्याचा जगभर चालणारा एक जुना मार्ग. कष्टाचा, कमी पैशाचा, पण तासांचा.

सात

धुक्यात विमान आधी ऐकू येतं, मग दिसतं. ऐकू येतं म्हणजे पंखांवरचं दव खाली पत्र्यावर टपटपत असतं. सेस्ना १८२. एक इंजिन, वरचा पंख, चार माणसांचं म्हणून बनवलेलं घरगुती विमान. उडीसाठी त्यातल्या माझ्या सीटखेरीज सगळ्या सीटा काढून टाकलेल्या असतात. तळाला पातळ गादी, बाजूला बांधायचे पट्टे. उजवीकडचं दार बदललेलं. ते बाजूला न उघडता वर उघडतं आणि हवेच्या जोराने पंखाखाली चिकटून राहतं. दाराखाली चाकाच्या दांड्यावर पाय ठेवायला एक पायरी.

रोज सकाळी एका काचेच्या नळीत टाकीच्या तळाचं थोडं पेट्रोल काढून उजेडात धरायचं. विमानाच्या या पेट्रोलला निळसर रंग असतो. पाणी असेल तर ते तळाशी मोत्यासारखं वेगळं बसतं. आम्ही टाक्या रात्री काठोकाठ भरून ठेवू शकत नाही, सकाळी तेवढं वजन घेऊन चार माणसं नेता येणार नाहीत. टाकीत मोकळी जागा राहिली की रात्रीच्या गारव्यात तिथे दव धरतं आणि दवाचं पाणी होतं. म्हणून ही नळी.

आज दुसऱ्या नळीत बाजरीच्या दाण्याएवढा एक थेंब दिसला. ओतून दिलं, पुन्हा काढलं. नाही. तरी तिसऱ्यांदा काढलं. आमचे सीनियर कॅप्टन मागे उभे होते. ते मला या थेंबाबद्दल कधी काही शिकवत बसले नाहीत. पहिल्या दिवशी फक्त एक गोष्ट सांगितली होती. २२ एप्रिल १९९२, कॅलिफोर्नियातलं पेरिस व्हॅली. उडीवाल्यांना घेऊन निघालेलं ट्विन ऑटर. इंधनात पाणी मिसळलेलं. उड्डाणानंतर लगेच एक इंजिन गेलं आणि गडबडीत चालू इंजिनच बंद केलं गेलं. सोळा माणसं गेली. गोष्ट सांगून झाल्यावर त्यांनी नळी माझ्या हातात दिली होती.

सव्वाआठ

धुकं तसंच. धावपट्टीचं दुसरं टोक दिसत नाही तोवर काही नाही. पण कागद थांबत नाहीत. प्रत्येक उड्डाणाचा फ्लाइट प्लॅन, त्यावर मिळणारा एफआयसी नंबर, आणि हवाई संरक्षणवाल्यांकडून मिळणारा एडीसी नंबर. या दोन नंबरांशिवाय आपल्या देशात लहानसं विमानही हलत नाही, आणि दिल्लीच्या इतक्या जवळ तर नाहीच. नंबर कागदावर लिहून मांडीच्या पट्टीला अडकवायचे. ते वाचून दाखवताना माझा आवाज आता कापत नाही. पहिल्या आठवड्यात कापायचा.

मग काटा. इथे वजनकाटा दारातच आहे. माणसं वयाबद्दल खरं बोलतील, वजनाबद्दल नाही. फॉर्मवर बहात्तर लिहिणारे गृहस्थ जाकीट-बुटांसह ऐंशी भरतात. धरणगावच्या जिनिंगवर कापसाच्या गाडीचं वजन होताना मी लहानपणी पाहिलंय. ओला कापूस काट्यावर बोलतो, शेतकरी नाही बोलला तरी. तसंच हे.

पहिल्या फेरीचा हिशोब: दोन शिक्षक, दोन पाहुणे. एका शिक्षकाच्या पाठीवरचं टँडम पॅराशूटच वीस किलोंच्या वर. दोन जोड्या सामानासकट साडेतीनशे किलो. माझी पाठपिशवी धरून मी अठ्ठ्याहत्तर. ही पाठपिशवी म्हणजे माझं स्वतःचं पॅराशूट. उडी मारायची नसली तरी ते घालावंच लागतं. पेट्रोल शंभर लिटर, म्हणजे बहात्तर किलो. बेरीज मर्यादेच्या आत आली की त्याखाली सही. आप्पा म्हणायचे, काळी-पिवळीत शेवटचा माणूस कधीच जास्त नसतो, त्याला टपावर जागा असते. इथे टप नाही.

पावणेदहा

सूर्याने धुकं फाडलं. आधी ढोसीच्या डोंगराचा माथा वर आला, नंतर शेतं. या दिवसांत इथे सगळीकडे मोहरी फुललेली असते. वरून पिवळ्या रंगाचे तुकडे दिसतात, मध्ये गव्हाची हिरवी पट्टी. ढोसीवर च्यवन ऋषींचा आश्रम होता असं इथले लोक सांगतात आणि च्यवनप्राशही तिथलाच म्हणतात. मला तो डोंगर परतीची खूण म्हणून उपयोगी पडतो.

माणसं इंजिन बंद असतानाच आत बसतात. पंख्याजवळ नवखा माणूस चालणार म्हणजे त्याला हाताला धरून, नेहमी मागून आणायचं. एक पाहुणा माझ्या शेजारी, पण तोंड मागे करून, पाठ डॅशबोर्डाला टेकवून बसतो. म्हणजे मी पुढे बघणार आणि तो माझ्याकडे. वर जायला वीस-बावीस मिनिटं लागतात, तेवढा वेळ त्याचा चेहरा माझ्यापासून हातभर अंतरावर. आजचा मुलगा पंचविशीचा असेल. दोन हजार फुटांपर्यंत हसत होता. चार हजारांना त्याने घड्याळ पाहिलं. सहा हजारांना त्याच्या गुडघ्याने टाकी बदलण्याच्या चावीला धक्का बसायला आला, तेव्हा मी नुसता हात मध्ये ठेवला. आठ हजारांना त्याने मला विचारलं, "सर, आप कितने साल से उड़ा रहे हो?"

तीन आठवडे, असं सांगायचं नसतं. "काफी टाइम," म्हटलं.

वर वारा पंचवीस नॉट आहे, पश्चिमेकडून. म्हणजे सेकंदाला साधारण तेरा मीटर. बाहेर पडल्यावर माणूस अर्धा मिनिट नुसता पडणार, ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास. तेवढ्यात वाराच त्याला चारशे मीटर पूर्वेला नेणार. छत्री उघडल्यावर आणखी चार-पाच मिनिटं वाहणार. म्हणून मैदानाच्या डोक्यावर नाही, मैदानाच्या बऱ्याच अलीकडे, वाऱ्याच्या बाजूला सोडायचं. याला स्पॉट म्हणतात. यात चूक झाली तर माणसं मोहरीत उतरतात आणि शेतकरी काठी घेऊन येतो.

विमान वाऱ्याच्या तोंडाला धरलं. वेग ऐंशी नॉट, पण समोरून पंचवीसचा वारा, म्हणजे जमिनीवरून पंचावन्नच. सेकंदाला अठ्ठावीस मीटर. दोन जोड्यांत तीनशे मीटर अंतर हवं तर पहिली गेल्यावर अकरा सेकंद थांबायचं. हे गणित पहिल्या आठवड्यात मी तळहातावर लिहून आणायचो.

शिक्षकाने खूण केली. दार वर गेलं. आत एकदम थंडी, आवाज, आणि मोहरीचा रंग. शिक्षक बाहेर डोकं काढून खाली बघतो आणि बोटांनी सांगतो, थोडं उजवीकडे. मग "कट!" मी इंजिनाची ताकद कमी करतो, म्हणजे पायरीवर उभं राहणाऱ्याला पंख्याचा वारा कमी लागेल.

आता एक-दोन सेकंद सगळं माझ्या पायांवर. दोन माणसं उजव्या बाजूला लटकतात. वजन उजवीकडे, हवेचा अडथळा उजवीकडे, विमान उजवीकडे कलायला आणि वळायला बघतं. डावा पाय दाबून, हात डावीकडे, नाक समोर. वेग कमी आहे, अजून कमी झाला तर पंख सोडून देईल. ते जातात. आणि पावणेदोनशे किलो गेल्याबरोबर विमान डावीकडे उसळतं, पाय लगेच सोडावा लागतो. अकरा सेकंद. दुसरी जोडी.

तो मुलगा जाताना माझ्याकडे बघत होता. कोणीतरी स्टँडवर उतरताना ड्रायव्हरकडे बघतो, तसं.

दहा वाजून दहा मिनिटं

दार ओढून लावलं. आत मी एकटा आणि चार माणसांचा वास.

लोकांना वाटतं काम संपलं. माझं इथे सुरू होतं. वर जाताना विमान जे करतं ते सगळी विमानं करतात, ताकद लावायची आणि थांबायचं. खाली येण्यातच ड्रायव्हर कळतो. इंजिन हवेने गार होणारं आहे. बावीस मिनिटं पूर्ण ताकदीने तापलंय. आता नाक खाली घालून, इंजिन बंद केल्यासारखं करून दगडासारखं आलो तर गार हवा थेट तापलेल्या सिलिंडरवर. धातूला हे सोसत नाही. तडा आज जात नाही, दोनशे फेऱ्यांनी जातो, आणि तेव्हा विमान दुसऱ्याच कुणाच्या हातात असतं.

यासाठी मला कॅप्टनांनी पुस्तक दिलं, पण ते वाचायच्या आधीच मला हे माहीत होतं. मी दहा वर्षांचा असताना पाळधीच्या अलीकडे आप्पांची जीप तापली. एक माणूस उत्साहाने विहिरीचं पाणी बादलीभर घेऊन आला. आप्पांनी त्याचा हात धरला. वीस मिनिटं सगळे उतारू लिंबाखाली बसले, शिव्या दिल्या, दोघे दुसऱ्या गाडीने गेले. मग आप्पांनी झाकण कपड्याने धरून हळूहळू उघडलं आणि तांब्यातांब्याने पाणी ओतलं. "इंजिन तापलं की त्याला वेळ द्यायचा," एवढंच म्हणाले.

म्हणून इंजिनाला गार हवा देणाऱ्या झडपा बंद करायच्या, ताकद एकदम न काढता थोडीथोडी काढायची, थोडी ठेवूनच उतरायचं, सिलिंडरच्या तापमानाच्या काट्यावर डोळा. शिवाय या इंजिनाच्या कार्बुरेटरमध्ये दमट हवेत बर्फ धरतो, बाहेर ऊन असलं तरी. त्याला गरम हवा द्यायची. आणि सगळ्यात आधी छत्र्या मोजायच्या. दोन. त्या पूर्वेला, मी पश्चिमेला. छत्रीच्या खालून किंवा जवळून जाणं नाही. आठ मिनिटं, आणि चाकं टेकली.

साडेअकरा ते दीड

फेऱ्या लागल्या की दिवस बसस्टँडसारखा होतो. दुसरी, तिसरी. मधल्या वेळात पॅराशूट घडी करणारी मुलं गोदामात लांब चटईवर पडलेली असतात. कापड छातीखाली दाबून हवा काढतात, आणि रेडिओवर हरियाणवी गाणी चालू. एकमेकांच्या घडीला हात लावत नाहीत. घडी केली त्याची सही, जशी माझी वजनाच्या कागदावर.

तिसऱ्या फेरीत पुण्याच्या एक बाई. साठीच्या. मराठी ऐकल्यावर त्यांना इतका आनंद झाला की उडीची भीतीच गेली. "तुम्ही कुठले?" "धरणगाव, जळगाव जिल्हा." "आमच्या शीतल महाजनांसारखी नऊवारीत मारणार होते, पण मुलीने नको म्हटलं." शीतलताईंनी २०१८ साली थायलंडमधल्या पटायात नऊवारी नेसून उडी मारली, हे त्यांना फोटोसकट ठाऊक होतं. मी त्यांना ताईंची पहिली उडी सांगितली. १८ एप्रिल २००४, उत्तर ध्रुवावर, रशियन हेलिकॉप्टरमधून, त्याआधी एकही उडी न मारता. बाई म्हणाल्या, "मग त्या हेलिकॉप्टरवाल्याचं नाव काय?"

मला ते ठाऊक नव्हतं. आणि उडी मारणारा सोडून दुसऱ्या कुणाचं नाव कुणी विचारलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. बाई उतरल्यावर मैदानातून हात हलवत होत्या. वरच्या विमानाकडे नाही, कॅमेऱ्याकडे. तेही बरोबरच.

दोन

डाळ, भात, आणि कॅप्टनांची दहा मिनिटं. जेवताना ते एकच प्रश्न विचारतात आणि उत्तर दिल्यावर काही बोलत नाहीत. आज विचारलं, "दार उघडं असताना आत कुणाची छत्री उघडली तर?"

"कापड आतच असेल तर दोन्ही हातांनी धरायचं, दार लावायचं आणि खाली यायचं. दाराबाहेर गेलं तर त्या माणसाने त्याच क्षणी बाहेर पडायचं. थांबला तर कापड शेपटीत अडकेल आणि आम्ही सगळे जाऊ."

"आणि तू?"

"विमान सरळ ठेवायचं."

त्यांनी भात घेतला.

इथे कुणाला एकदम माणसं देत नाहीत. आधी मी नुसतं रिकामं विमान घेऊन वर गेलो आणि आलो. मग वाळूची पोती. मग ज्यांच्या शेकडो उड्या झाल्यात असे जुने लोक, जे पायलटने चूक केली तरी सांभाळून घेतात आणि खाली आल्यावर तोंडावर सांगतात. पाहुणे सगळ्यात शेवटी. आणि मधल्या एका संध्याकाळी त्यांनी मलाच एका शिक्षकाला बांधून खाली ढकललं. "आपल्या गाडीतून उतरताना कसं वाटतं ते ड्रायव्हरला माहीत हवं." दारात माझे गुडघे लटपटले. तेव्हापासून पायरीवर कुणी उभं असलं की मी ताकद नेमकी तेवढीच कमी करतो.

सव्वातीन

पाचवी फेरी. एक टँडम जोडी, एक शिकाऊ विद्यार्थी आणि त्याचा शिक्षक. निघताना धावपट्टीजवळची वाऱ्याची पिशवी अर्धी फुगलेली. नऊ हजार फुटांवर खालून रेडिओ: "होल्ड. वारा वाढलाय, पिशवी पूर्ण आडवी." पिशवी पूर्ण आडवी म्हणजे पंधरा नॉट किंवा वर. खाली शेतांवरून धुळीचा पट्टा सरकताना मलाही दिसला.

घिरट्या घातल्या. पाच मिनिटं, दहा मिनिटं. शिकाऊ विद्यार्थी हातांकडे बघतोय. टँडमचा पाहुणा ओरडून विचारतो, जायचं का? पेट्रोलच्या काट्याकडे पाहिलं. परत यायला आणि वर राखीव, एवढं बाजूला काढलं तर आणखी एक घिरटी. ती घातली. पिशवी तशीच.

मी मागे वळून शिक्षकाला हाताने खूण केली, खाली. तो मान हलवतो. पाहुणा नाराज. पैसे भरले, दिल्लीहून आला, वर आला, आणि उतरायचं बसूनच? त्याचं खरं आहे. आणि एवढं पेट्रोल जाळून फेरी वाया, हे मालकालाही आवडणार नाही.

भरलेलं विमान घेऊन खाली यायचा माझा हा पहिलाच प्रसंग. दार बंद, पट्टे बांधलेले. विद्यार्थ्याच्या पाठीवर एक यंत्र असतं. तो बेशुद्ध पडला किंवा छत्री उघडायला विसरला तर ते ठरावीक उंचीवर स्वतःच राखीव छत्री उघडतं. पडण्याचा वेग ओळखून ते ठरवतं. विद्यार्थ्यांच्या यंत्राची मर्यादा सेकंदाला तेरा मीटर, जमिनीपासून सव्वादोनशे मीटरच्या आसपास. म्हणजे मी रिकाम्या फेरीच्या सवयीने घाईत खाली आलो, तर यंत्राला वाटणार माणूस पडतोय, आणि छत्री विमानाच्या आत उघडणार. जेवताना दिलेलं उत्तर डोक्यात फिरलं.

सेकंदाला पाच मीटर. त्याच्यावर नाही. नऊ हजार फूट उतरायला नऊ मिनिटं लागली आणि ती बावीसपेक्षा मोठी वाटली. कुणी बोललं नाही. खालचा वारा आडवा, विमान जड, म्हणून वेग नेहमीपेक्षा थोडा जास्त ठेवून टेकवलं. एकदा उसळलं, मग बसलं.

पाहुणा उतरून माझ्याकडे न बघता निघून गेला. विद्यार्थी थांबला आणि "थँक यू सर" म्हणाला. कॅप्टन गोदामाच्या सावलीत उभे होते. त्यांनी घड्याळ बघितलं आणि लॉगच्या वहीत ती फेरी लिहायला सांगितली, जशी बाकीच्या चार लिहिल्या होत्या.

साडेपाच

वारा पाचला बसला. रागावलेल्या पाहुण्याला शेवटच्या फेरीत पुन्हा नेलं. यावेळी तो माझ्या शेजारी, पाठ डॅशबोर्डाला लावून. सहा हजारांना म्हणाला, "भैया, दुपारी मी जरा..." मी मान हलवली. मावळतीला मोहरी पिवळी राहत नाही, तांब्यासारखी दिसते. पायरीवर उभा राहिला, मी डावा पाय दाबला, तो गेला.

खाली येताना विमान एकटं, आभाळ मोकळं. ढोसीच्या माथ्यावर शेवटचं ऊन.

मग विमान पुसायचं. पंखांच्या पुढच्या कडेवर मेलेले किडे, काचेवर मोहरीची धूळ. टाकीत उद्यापुरतंच पेट्रोल. लॉगबुकात सहा फेऱ्या, साडेतीन तासांच्या वर. दोनशे कधीच मागे पडले. आकडा भराभर वाढतो, पण गोंदूरला एकटं पहिलं उड्डाण केलं त्या तासासारखा एकही नाही.

रात्री साडेआठ

"जेवना का रे?"

"जेवलो आप्पा."

"आज कितल्या फेऱ्या व्हयन्यात?"

"सहा. एक भरलेलीच परत आणली."

तिकडे टीव्हीचा आवाज होता, तो बंद झाला. मी वारा, पिशवी, पाहुण्याचा राग सांगितला. मधलं यंत्राचं नाही सांगितलं.

आप्पा म्हणाले, एकदा पावसाळ्यात रात्री नऊला जळगावहून निघाले होते. गाडीत अकरा माणसं, त्यांत एक बाळंतीण. गावाच्या अलीकडच्या नाल्याला पाणी. दोन ट्रक त्यातून गेले. उतारू म्हणाले, घाला गाडी. आप्पांनी गाडी वळवली आणि सगळ्यांना जळगावला परत आणून सोडलं, भाड्याचे पैसे परत दिले. त्यानंतर महिनाभर स्टँडवर त्यांना 'भित्रा' म्हणत होते.

"मग त्या रात्री पाणी वाढलं होतं का?" मी विचारलं.

"माहीत नाही. मी गेलोच नाही ना तिकडे."

बाहेर खांबावरचा दिवा स्वच्छ दिसत होता. उद्या सोमवार, गर्दी कमी.

"बरं करं भो," आप्पा म्हणाले आणि माय फोनवर आली. पीठ किती उरलंय, हे तिला विचारायचं होतं.